सुपर बोल ५९ (अमेरिकन फुटबॉलची फायनल) : फिलाडेल्फिया ईगल्स ४०, कॅन्सस सिटी चीफ्स २२. कोण कसं खेळलं?

फिलीकर | १० फेब्रुवारी २०२५, सकाळी ७:५०

फायनल स्कोअर बघून कुणाला वाटेल की बरी टक्कर झाली. अजिबात नाही! तिसऱ्या क्वार्टरमध्ये ३४-० होतं, आणि चीफ्सचे तिन्ही टचडाऊन त्यानंतरचे आहेत. सलग तिसरी सुपर बोल आजवर कुणालाच जिंकता आलेली नाही. ती जिंकायला आलेली टीम पहिल्या हाफमध्ये एकूण २३ यार्ड पुढे सरकली. त्यांचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा) माहोम्स, त्याचे हाफटाइमपर्यंतचे आकडे: १४ पैकी ६ पास पूर्ण, ३३ यार्ड, २ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास). त्याला असं हतबल झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

माझं मत सरळ आहे. ही मॅच आपल्या, म्हणजे ईगल्सच्या, डी-लाइनने (बचावाच्या पुढच्या फळीने) जिंकून दिली आणि कौतुकाचा पहिला मान त्यांचा.

माहोम्स पास टाकायला ४२ वेळा मागे सरकला. त्या ४२ वेळांत आपल्या डिफेन्सचा कोच विक फँजिओने एकदाही ब्लिट्झ (चौघांपेक्षा जास्त जण धाडणं) केला नाही. एकदाही नाही! पुढे चौघेच धावून जाणार, मागे सात जण रिसीव्हर्सना कव्हर करणार, आणि तरी सहा सॅक (बॉल टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं). माहोम्सला आजवर एका मॅचमध्ये इतक्या सॅक झाल्या नव्हत्या. ब्लिट्झ आला की माहोम्स खुश असतो, कारण ज्या जागेतून जास्तीचा माणूस आला ती जागा मोकळी पडते आणि तो क्षणात तिथे बॉल देतो. फँजिओने ती जागाच दिली नाही.

जॉश स्वेट: अडीच सॅक. माझ्या मते मैदानावरचा सर्वोत्तम खेळाडू. झॅक बॉनच्या इंटरसेप्शनचं श्रेयही अर्धं त्याचं, कारण बॉल हातातून सुटताना स्वेट माहोम्सवर जाऊन आदळला होता.

मिल्टन विल्यम्स: दोन सॅक. चौथ्या क्वार्टरमध्ये तर माहोम्सच्या हातातला बॉल पाडला आणि स्वतःच उचलला. पोरगा लुईझियाना टेकचा, म्हणजे न्यू ऑर्लिन्समध्ये कॉलेजच्या राज्यात खेळत होता.

जॉर्डन डेव्हिसची एक सॅक, आणि उरलेली अर्धी जेलिक्स हंटची. तो पहिल्याच सीझनमध्ये आहे.

कूपर डिजीनबद्दल वेगळं लिहायला हवं. काल त्याचा बाविसावा वाढदिवस होता. दुसरा क्वार्टर, १०-०. लागोपाठ दोन सॅक झाल्यामुळे चीफ्सवर थर्ड अँड १६ची (तिसरा प्रयत्न, १६ यार्ड बाकी) वेळ आली. माहोम्स उजवीकडे पळाला आणि पळता पळता रिसीव्हर हॉपकिन्सकडे बॉल फेकला. डिजीनची नजर पूर्ण वेळ माहोम्सच्या डोळ्यांवर होती. मध्ये शिरून बॉल पकडला आणि मग सगळी गर्दी एका बाजूला असताना त्याने दुसऱ्या बाजूला वळण घेतलं. ३८ यार्ड, टचडाऊन, १७-०. रीप्ले बघाल तेव्हा बॉलकडे बघू नका, डिजीनच्या मानेकडे बघा. बॉल सुटायच्या आधीच तो निघालेला आहे.

ऑफेन्सबद्दल तुम्ही लिहा. मला एवढंच म्हणायचंय की एमव्हीपी (मॅचमधला सर्वोत्तम खेळाडू) स्वेटला मिळायला हवं होतं.

---

ओंकार_किंग_ऑफ_प्रशिया | सकाळी ८:२०

डी-लाइनबद्दल १०० टक्के सहमत, एमव्हीपीबद्दल नाही.

एमव्हीपी झालेला आपला क्वार्टरबॅक हर्ट्स: २२ पैकी १७ पास, २२१ यार्ड, २ टचडाऊन पास. शिवाय ११ वेळा धावून ७२ यार्ड आणि टश पुशवर (क्वार्टरबॅकला मागून ढकलायची खेळी) एक टचडाऊन. सुपर बोलमध्ये क्वार्टरबॅकने धावून काढलेले हे सर्वाधिक यार्ड आहेत, आणि आधीचा ७०चा रेकॉर्डही त्याचाच, २०२३च्या फेब्रुवारीतला. त्या दिवशीही तो असाच खेळला होता. ३०४ यार्ड पासिंग, धावून तीन टचडाऊन. पण हातातून बॉल निसटला, चीफ्सच्या निक बोल्टनने तो उचलून टचडाऊन केला आणि आपण ३८-३५ हरलो. दोन वर्षं लोक तोच एक फंबल दाखवत राहिले.

काल एकच वाईट निर्णय होता. रिसीव्हर ब्राउनसाठी लांब टाकलेला बॉल चीफ्सच्या ब्रायन कुकने पकडला. त्यानंतर हर्ट्स बिचकला नाही, ही त्याची खरी परीक्षा होती. चीफ्सने अख्खी ताकद आपला रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) बार्कलीला अडवायला लावली होती, त्यामुळे मॅच हर्ट्सच्या हातावर आणि पायांवर आली. ती त्याने पेलली.

---

वैदेही_कॅन्सस | सकाळी ९:०५

चीफ्सची फॅन आहे, ओव्हरलँड पार्कमध्ये राहते. रात्रभर झोप नाही, पण इथे लिहावंसं वाटलं. फिलीकर, अभिनंदन. तुमची टीम चारही क्वार्टर सरस होती.

आमच्या बाजूचं मूल्यमापन मी करते. माहोम्सवर सगळं ढकलणं मला पटत नाही. वाईट खेळला हे खरं. दोन इंटरसेप्शन, एक फंबल, आणि डिजीनला दिलेला बॉल त्याने टाकायलाच नको होता. पण मूळ दुखणं लेफ्ट टॅकलचं (क्वार्टरबॅकला डावीकडून वाचवणारी जागा) आहे आणि ते वर्षभराचं आहे. सीझनच्या सुरुवातीला किंग्सली सुआमटाया, तो दोन मॅचमध्ये बाहेर. मग वान्या मॉरिस. मग नोव्हेंबरमध्ये डी. जे. हम्फ्रीजला आणलं, तो दुखापतग्रस्त. शेवटी जो थूनीला गार्डवरून (टॅकलच्या शेजारची आतली जागा) टॅकलवर सरकवलं आणि त्याच्या जागी माइक कॅलिएंडो आला. थूनी लीगमधला उत्तम गार्ड आहे. म्हणजे एक भोक बुजवायला आम्ही आमची सगळ्यात भक्कम जागा मोकळी केली. बिल्सविरुद्ध निभावलं (३२-२९), काल नाही निभावलं.

हे आम्ही आधी भोगलंय. २०२१ची सुपर बोल आठवा, टँपा बे ३१, आम्ही ९. तेव्हाही दोन्ही टॅकल जायबंदी होते आणि माहोम्स रात्रभर पळत होता. त्यानंतर थूनीला आणलं, क्रीड हम्फ्री आणि ट्रे स्मिथला ड्राफ्ट केलं, अख्खी लाइन नव्याने उभी केली. चार वर्षांनी त्याच जखमेवर पुन्हा घाव बसलाय, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतंय.

दुसरी तक्रार आमचा मुख्य कोच अँडी रीडबद्दल. आमचे रनिंग बॅक पचेको आणि करीम हंट यांना मिळून सहा वेळा बॉल दिला. पास रश इतका अंगावर येत असताना सुरुवातीलाच रन गेम सोडून देणं म्हणजे समोरच्या चौघांना मोकळं रान देणं.

आमचा डिफेन्सचा कोच स्पॅग्नुओलो, त्याच्या माणसांना मात्र मी नापास करणार नाही. बार्कलीला त्यांनी खरोखर बांधून ठेवलं.

---

एडिसनचे_काका | सकाळी ९:४०

वैदेही, फार प्रामाणिक लिहिलंस.

मी न्यूयॉर्क जायंट्सवाला. त्यामुळे बार्कलीवर बोलायचा हक्क माझा! सहा वर्षं आम्ही त्याला मोडक्या लाइनच्या मागे धावायला लावलं, मग २०२४च्या मार्चमध्ये सोडून दिला, आणि तोही कुठे, तर फिलाडेल्फियाला. त्याने रेग्युलर सीझनमध्ये २००५ यार्ड काढले. प्लेऑफ धरून २५०४. टेरेल डेव्हिसचा १९९८चा २४७६चा रेकॉर्ड काल न्यू ऑर्लिन्समध्ये मोडला. आणि कालच त्याचा अठ्ठाविसावा वाढदिवस. एकाच टीममधल्या दोघांचा वाढदिवस सुपर बोलच्या दिवशी!

२५ वेळा धावून ५७ यार्ड, हा आकडा कागदावर गरीब दिसतो. पण ओंकार म्हणतोय तो मुद्दा नीट बघा. बार्कलीच्या हातात बॉल द्यायचा नुसता आव आणला तरी चीफ्सचे लाइनबॅकर (बचावाची दुसरी फळी) दोन पावलं पुढे यायचे, आणि त्यांच्या पाठीमागे हर्ट्सला जागा मिळायची. शिवाय सहा कॅच, ४० यार्ड. एकदाही कुरकुर नाही, बॉल कुठेही सांडला नाही. मी त्याला दहापैकी आठ देतो. मैदानात तो नसता तर हर्ट्सचे ७२ यार्ड झाले नसते.

---

सुमेध_कोथरूड | सकाळी १०:१५

मी गेली काही वर्षंच बघायला लागलोय, इथे मॅच सोमवारी पहाटे पाचला सुरू झाली. फिलीकर दादा, एक विचारतो. जेलन कार्टर आपला सगळ्यात नावाजलेला डी-लाइनमन आहे ना? त्याच्या नावावर काल एकही सॅक नाही. मग त्याचा खेळ साधारण झाला असं धरायचं का?

---

फिलीकर | सकाळी १०:४०

सुमेध, चांगला प्रश्न. उत्तर ठाम नाही असं आहे. चीफ्सची लाइन पाच जणांची, आपले रशर चार. म्हणजे त्यांच्याकडे एकच माणूस जास्तीचा, आणि तो जास्तीचा माणूस ते बहुतेक वेळा कार्टरवर लावत होते. मग उरलेले तिघं एकास एक. स्वेट आणि विल्यम्स यांना एकास एक सोडलं की काय होतं ते आपण पाहिलं. कबड्डीत एकाने रेडरचा पाय धरून ठेवायचा आणि पकडीचा गुण दुसऱ्याच्या नावावर लागायचा, तसं कार्टरचं काम आहे. पुन्हा बघशील तेव्हा स्वेटच्या १९ आणि विल्यम्सच्या ९३ नंबरकडे न बघता फक्त कार्टरच्या ९८वर नजर ठेव. मी स्वेट आणि विल्यम्सच्या खालोखाल त्यालाच ठेवेन.

---

ओंकार_किंग_ऑफ_प्रशिया | सकाळी १०:५५

कव्हरेजलाही तेवढंच श्रेय द्या. चौघं पोहोचेपर्यंत माहोम्सला बॉल धरून ठेवावा लागला, कारण समोर कुणी मोकळं नव्हतं. क्विन्यॉन मिचेल आणि डिजीन, दोघेही पहिल्या वर्षाचे, २०२४च्या ड्राफ्टमधले पहिले दोन पिक. चीफ्सचा ट्रॅव्हिस केल्सी मॅचभरात ४ कॅच, ३९ यार्ड. याच केल्सीने मोठमोठ्या टीमना प्लेऑफमधून घरी पाठवलंय.

आणि अव्हाँटे मॅडॉक्सला विसरू नका. तिसऱ्या क्वार्टरमध्ये २७-० असताना चीफ्सनी फोर्थ डाऊनला (शेवटच्या प्रयत्नाला) खेळायचं ठरवलं, हॉपकिन्सकडे जाणारा बॉल मॅडॉक्सने हाताने मोडला. पुढच्याच प्लेला हर्ट्सचा डेव्होंटा स्मिथला ४६ यार्डचा टचडाऊन. मॅच तिथेच मिटली.

---

मंजिरी_मालव्हर्न | सकाळी ११:३०

त्या ४६ यार्डच्या पासबद्दल मला लिहायचंच होतं.

८ जानेवारी २०१८. कॉलेज फुटबॉलची नॅशनल चॅम्पियनशिप, अलाबामा विरुद्ध जॉर्जिया. अलाबामाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स. हाफटाइमला कोचने त्याला बसवलं आणि टुआ टागोवायलोआला उतरवलं. ओव्हरटाइममध्ये टुआने ४१ यार्डचा पास टाकून ती मॅच जिंकली. पकडला कुणी? डेव्होंटा स्मिथने. हर्ट्स तेव्हा बाजूला उभा राहून टाळ्या वाजवत होता. पुढच्या वर्षी तो बॅकअप म्हणून तिथेच थांबला, मग ओक्लाहोमाला गेला, दुसऱ्या राउंडमध्ये ड्राफ्ट झाला, आणि काल त्याच स्मिथला त्याने सुपर बोलमधला सगळ्यात देखणा पास टाकला. बॉल स्मिथच्या खांद्यावरून हातात असा उतरला की त्याला पाऊलसुद्धा आखडावं लागलं नाही.

म्हणून फिलीकर, स्वेटचं सगळं मान्य करूनही एमव्हीपी हर्ट्सला मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे. हा मुलगा सात वर्षं ऐकतोय की त्याला पास टाकता येत नाही.

---

ट्रेंच_वाला | दुपारी १२:१०

कुणीच ओ-लाइनचं (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीचं) नाव घेत नाहीये, म्हणून आलो.

कोच जेफ स्टाउटलंडची लाइन: मायलाटा, डिकरसन, जर्गन्स, बेक्टन, लेन जॉन्सन. मायलाटा सिडनीचा, रग्बी लीग खेळलेला. २०१८ला सातव्या राउंडमध्ये घेतला तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच खेळलेला नव्हता. बेक्टन जेट्सने सोडलेला, आयुष्यभर टॅकल. स्टाउटलंडने त्याला गार्ड केलं. जर्गन्सने जेसन केल्सीची जागा घेतली, आणि ती जागा भरणं म्हणजे काय हे फिलीवाल्यांना सांगायला नको. डिकरसन तर गुडघ्यामुळे मॅच पूर्ण करू शकला नाही, टायलर स्टीन आत आला आणि तरी भिंत हलली नाही.

रनमध्ये त्यांना मार्क कमीच द्यावे लागतील, ५७ यार्ड म्हणजे ५७ यार्ड. पण पास प्रोटेक्शनला पूर्ण मार्क. चीफ्सच्या क्रिस जोन्ससारखा माणूस समोर असताना हर्ट्सला पॉकेटमध्ये उभं राहून दुसरा, तिसरा पर्याय बघता येत होता. त्याच वेळी पलीकडे माहोम्स पहिला पर्याय बघेपर्यंत अंगावर दोघं यायचे.

---

अभिजित_लीज_समिट | दुपारी १:००

चीफ्स फॅन. वैदेहीताईंशी बराचसा सहमत, पण आमचा रिसीव्हर झेवियर वर्दीला कुणीतरी न्याय द्या. ८ कॅच, १५७ यार्ड, २ टचडाऊन, तेही पहिल्या सीझनमध्ये. एक २४ यार्डचा, एक ५० यार्डचा. "मॅच संपल्यावरचे यार्ड" म्हणून सगळे झटकून टाकताहेत.

आणि पंचांबद्दल: पहिल्याच ड्राइव्हवर ब्राउनच्या पुशची पेनल्टी दिली ती हलकी होती, ईगल्सचा फर्स्ट डाऊन गेला. नंतर आमच्या मॅकडफीवर ईगल्सच्या गॉडर्टला मारल्याची पेनल्टी दिली तीही हलकी होती, आणि त्या ड्राइव्हवर तुमचा पहिला टचडाऊन झाला. वर्षभर "पंच चीफ्सना जिंकवतात" हे ऐकून कान किटलेत. काल त्या बोलण्याला काहीच आधार उरला नाही.

---

फिलीकर | दुपारी १:२५

अभिजित, पंचांचा मुद्दा मान्य. दोन्ही पेनल्टी टाळता आल्या असत्या.

वर्दीबद्दल अर्धं मान्य. त्याचे दोन्ही टचडाऊन ३४-० नंतरचे, तेव्हा आपण घड्याळ संपवायला बघत होतो आणि कव्हरेज सैल होतं. पण हरलेल्या मॅचमध्ये शेवटपर्यंत तसं धावणं, ५० यार्डच्या पासवर पूर्ण वेगात सुटणं, हे मी त्याच्या बाजूने मोजेन. पुढच्या वर्षी तो तुमचा पहिला रिसीव्हर असणार.

जाता जाता आपला किकर जेक एलियट. रेग्युलर सीझनमध्ये लांबच्या किक त्याला इतका त्रास देत होत्या की दर वेळी पोटात गोळा यायचा. काल ४८, २९, ४८, ५०, चारही फील्ड गोल आत, चारही एक्स्ट्रा पॉइंट आत. १६ पॉइंट, तोवरचा सुपर बोलमधला किकरचा रेकॉर्ड.

---

एडिसनचे_काका | दुपारी २:१०

कोचिंगवर दोन शब्द. मागच्या सीझनला ईगल्स १०-१ होते, मग शेवटच्या सहांपैकी पाच हरले आणि प्लेऑफच्या पहिल्याच मॅचमध्ये टँपा बेने ३२-९ झोडपलं. मुख्य कोच सिरियानीला काढा म्हणून आरडाओरडा होता. मालक आणि जनरल मॅनेजर हावी रोझमन यांनी त्याला ठेवलं, पण दोन्ही कोऑर्डिनेटर बदलले, डिफेन्सला फँजिओ आणि ऑफेन्सला केलन मूर. फँजिओ मूळचा डनमोरचा, पेनसिल्व्हेनियातलाच. वय ६६, त्याची ही पहिली सुपर बोल ट्रॉफी. आणि समोर अँडी रीड, ज्याने १९९९ ते २०१२ ही टीम सांभाळली आणि एकदा सुपर बोलपर्यंत नेली. आमच्या जायंट्सच्या मालकांनी रोझमनकडून शिकावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

---

सुमेध_कोथरूड | दुपारी ३:००

काका, मग पुढच्या वर्षी हीच टीम राहणार का? स्वेट आणि विल्यम्स यांचे करार संपताहेत असं वाचलं.

---

ट्रेंच_वाला | दुपारी ३:२०

दोघांचेही संपताहेत. बॉन आणि बेक्टन यांचेही. चौघांना ठेवणं शक्य नाही, सॅलरी कॅप (टीमच्या पगारखर्चाची मर्यादा) आडवा येणार.

माझा क्रम: आधी झॅक बॉन. न्यू ऑर्लिन्स सेंट्समध्ये चार वर्षं बाकावर आणि स्पेशल टीम्सवर (किकच्या वेळच्या तुकडीत) गेली, त्याला एज रशर (कडेवरून धावून जाणारा) समजत होते. फँजिओने आतला लाइनबॅकर केला आणि एका वर्षात ऑल-प्रो (लीगमधल्या सर्वोत्तमांत निवड)! काल जुन्या टीमच्याच मैदानावर इंटरसेप्शन. तो आणखी कुणाच्या सिस्टिममध्ये असा खेळेल का, मला शंका आहे, पण आपल्यासाठी तो अनमोल आहे.

---

फिलीकर | दुपारी ३:४५

बॉन आधी, यावर वाद नाही. विल्यम्सला मात्र कुणीतरी इतके पैसे देईल की आपल्याला हात आखडता घ्यावा लागेल. त्या जागेला कार्टर, डेव्हिस, मोरो ओजोमो आहेत, चालेल. बेक्टन गेला तर स्टीन तयार आहे, ते काल दिसलंच. जीव अडकलाय तो स्वेटमध्ये. ब्रँडन ग्रॅहम फाटलेल्या ट्रायसेप्समधून परत येऊन काल खेळला खरा, पण तो आता शेवटाकडे आलाय. एजला उरतात नोलन स्मिथ आणि जेलिक्स हंट. दोघं तरुण आहेत, पण स्वेटसारखा एकट्याच्या बळावर मॅच फिरवणारा अजून त्यांच्यातला कुणी झालेला नाही. मी रोझमनच्या जागी असतो तर बॉनची सही झाल्यावर दुसरा फोन स्वेटच्या एजंटला केला असता.